फोटोफिल्मचें भवितव्य आणि उटकमंडचा कारखाना

पोथ्यांच्या संग्राहकांस फोटोची फिल्म ही केवळ हौसेची वस्तु नव्हे. ती साधनरक्षणाची सामग्री आहे. नेपाळ-जर्मन हस्तलिखित-संरक्षण योजनेनें १९७० पासून २००१ पर्यंत नेपाळांतील सुमारें १,८०,००० हस्तलिखितांच्या मायक्रोफिल्म घेतल्या. पोथ्या धन्यांकडेच राहिल्या; फिल्मची एक प्रत काठमांडूस व दुसरी बर्लिनास ठेवली गेली. अशी फिल्म व अंधाऱ्या खोलीची सामग्री पुढें मिळेल कीं नाहीं, हा प्रश्न म्हणून आपलाहि आहे. डिजिटल प्रतिमांमुळें तिचा खप आटला हें खरें. परंतु "फिल्म संपली" असें सरसकट म्हणणारे फिल्म आणि रसायनें यांतील भेद पाहत नाहींत.

कृष्णधवल फिल्म धुण्याचीं रसायनें दुर्मिळ होतील, असें भय आम्हांस वाटत नाहीं. हायपो रौप्यक्षार विरघळवितो हें जॉन हर्शेलनें १८१९ सालींच दाखविलें. कोडॅकचा १९२७ चा डी-७६ विकासक घ्या: लिटरभर द्रावणांत मेटॉल २, निर्जल सोडियम सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५ व बोरॅक्स २ ग्रॅम. हा पाठ उघड आहे. ज्याच्याजवळ तराजू आहे त्याला तो सिद्ध करतां येतो. रंगीत फिल्मची गोष्ट निराळी. १९३५ सालीं निघालेल्या कोडॅक्रोममध्यें रंग घडविणारीं द्रव्यें फिल्ममध्यें नसून विकासकांत असत. २००९ सालीं तिचें उत्पादन थांबलें, आणि कॅन्ससमधील पार्सन्स येथील शेवटच्या प्रयोगशाळेनें ३० डिसेंबर २०१० नंतर रिळें घेणें बंद केलें. त्यानंतर न धुतां राहिलेलीं रिळें, मोडी जाणणारा शेवटचा कारकून वारल्यावर उरलेल्या दफ्तरासारखीं झालीं.

खरी अडचण फिल्मचीच आहे. जिलेटिनांत रौप्यक्षार मिसळून तो लेप लांबच लांब पट्टीवर एकसारखा चढवावयाचा, तोहि अंधारांत व धूळ टाळून. काचेवर घरीं लेप चढविणारे हौशी आजहि आहेत. पण फिल्मचें यंत्र अवाढव्य असतें व थोड्या खपावर तें चालविणें परवडत नाहीं.

आपल्याकडे हें काम उटकमंडास झालें. भारत सरकारनें १९६० सालीं हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी स्थापिली, बोशे या फ्रेंच कंपनीचें साहाय्य घेतलें, व १९६७ पासून थंड हवेंत माल निघूं लागला. त्याचें नांव "इंदु"! रसशास्त्रांत चंद्र म्हणजे रुपें. हें नांव सुचविणारा रसिक असावा. पुढें पॉलिएस्टर एक्स-रे फिल्मच्या योजनेसाठीं काढलेलें कर्ज अंगावर आलें, १९९६ सालीं कंपनी आजारी ठरली, आणि कारखाना अखेर बंद पडला. डिजिटल कॅमेरा घरोघर पोंचण्यापूर्वींच तिचें दुखणें जडलें होतें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

यंत्र वाचविलें म्हणजे विद्या वाचली असेंहि नाहीं. पोलरॉइडनें २००८ सालीं तात्काळ-फिल्म बंद केल्यावर हॉलंडांतील एन्सखेडे येथील कारखाना कांहींजणांनीं मिळविला. पण जुने घटक पुरविणारे कारखानेच राहिले नव्हते, म्हणून सर्व रसायन नव्यानें जुळवावें लागलें व २०१० सालीं पहिली फिल्म निघाली. उलट, फुजीनें २०१८ सालीं बंद केलेली अॅक्रॉस दुसऱ्याच वर्षीं नव्या रूपांत परत आणली. इल्फर्ड २००४ च्या दिवाळ्यांतून सांवरून मॉबर्ली येथें आजहि फिल्म करीत आहे. तेव्हां कृष्णधवल फिल्म राहील, पण महाग, आणि मोजक्या कारखान्यांच्या हातीं.

आपल्या संग्रहांतील अॅसिटेटच्या रिळांस शिर्क्याचा वास येऊं लागला तर तीं इतरांपासून वेगळीं काढून थंड व कोरड्या जागीं ठेवावीं व त्यांची नक्कल त्वरित करावी. ती नक्कल पुनः फिल्मवरच करावयाची, तर फिल्म परदेशांतून मागवावी लागेल. उटकमंडचा माल आतां मिळावयाचा नाहीं.