झाशीचं कर्ज कुणाचं?

झाशीत आलं की सगळ्यांची पावलं किल्ल्याकडे वळतात. आज मी तुम्हाला खाली शहरातल्या राणीमहालापाशी थांबवणार आहे. इथे तलवारीची नाही, हिशेबाची एक लढाई झाली होती.

21 नोव्हेंबर 1853 रोजी गंगाधरराव नेवाळकर वारले. आदल्याच दिवशी दामोदररावांचं दत्तकविधान झालं होतं. डलहौसीने ते संस्थानापुरतं नामंजूर केलं आणि 1854 मध्ये झाशी खालसा झाली. राणीला महिना 5,000 रुपये पेन्शन ठरलं. इथवर आपण शाळेत शिकलो. पुढचं फारसं सांगितलं जात नाही.

गंगाधररावांच्या नावावर कर्ज निघालं. ते राणीने आपल्या पेन्शनमधून फेडावं, असा वायव्य प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर कोल्व्हिन याचा आग्रह होता. राणीचं म्हणणं सरळ होतं: कर्ज संस्थानाचं आहे, संस्थान ज्याने घेतलं, त्याने कर्जही घ्यावं. म्हणजे बघा, उत्पन्न संस्थानाचं म्हणून ते कंपनीचं; कर्ज मात्र नवऱ्याचं म्हणून ते राणीचं! शिवाय दामोदररावांच्या नावे सहा-सात लाखांची ठेव सरकारने स्वतःकडे ठेवली होती. मुलाच्या मुंजीसाठी त्यातले एक लाख मागितले, तर राणीकडे चार जामीन मागितले गेले. ती ठेव दामोदररावांना पुढे कधीच मिळाली नाही. 1906 मध्ये ते इंदूरला वारले.

कंपनीची नियत वाईट होतीच. चोख वह्या असत्या तर झाशी वाचली असती, असं मी म्हणणार नाही. पण घरचं कोणतं आणि गादीचं कोणतं, हा प्रश्न मालक गेल्यावर उपस्थित झाला की उत्तर नेहमी बळवान माणूस देतो. ते मालकाच्या हयातीतच कागदावर यायला हवं.

आपल्या जुन्या मराठी कारभाराला हे कळत होतं. पेशवाईत मोठ्या मामलेदाराच्या हाताखाली दरकदार असत. मजुमदार हिशेब तपासून मंजूर करी. फडणीस रोजचा जमाखर्च टिपून ठेवी. दफ्तरदार त्यावरून खतावणी करून दरमहा तेरीज हुजुरात पाठवी. पोतनीस वसूल आणि रोकड शिल्लक सांभाळी, पोतदार नाणं पारखी. आणि गंमत म्हणजे या दरकदारांना मामलेदार काढून टाकू शकत नसे. हिशेबनीस नुसता लिहिणारा नव्हता. गैर दिसलं तर बोट ठेवायचा त्याला हक्क होता.

आता स्वतःची गोष्ट सांगतो. आमचं घरचं छोटं दुकान आहे. कित्येक वर्षं मी मार्चअखेरीला बिलांची पिशवी सीएच्या टेबलावर ठेवायचो आणि एकच प्रश्न विचारायचो, "टॅक्स किती?" गल्ल्यातून घरचं वाणसामान, मुलांची फी, सगळं जायचं. एकदा कर्जासाठी बँकेत गेलो, तेव्हा दुकान नफ्यात आहे की तोट्यात, हे मला स्वतःलाच सांगता येईना. चूक सीएची नव्हती. मी त्यांना फक्त कारकून केलं होतं, फडणीस कधी केलंच नव्हतं.

एकट्याच्या मालकीच्या धंद्यात कायद्याच्या नजरेत मालक आणि दुकान वेगळे नसतात. दुकानाचं कर्ज ते मालकाचंच. म्हणून आता मी चार गोष्टी पाळतो. दुकानाचं बँक खातं वेगळं. घरखर्चाला दरमहा ठरलेली रक्कम. दर महिन्याला एका पानाची तेरीज: येणं, देणं, शिल्लक. मशीन, गाळा किंवा कर्ज घ्यायचं तर सही करण्याआधी सीएशी बोलणं, नंतर नाही. आणि त्यांना वर्षातून एकदा हा प्रश्न: "उद्या मी नसलो, तर घरच्यांच्या गळ्यात काय पडेल?"

हा शेवटचा प्रश्न विचारायला जीभ जड होते. पण राणीमहालाच्या दारात उभं राहिलं की तो आपसूक सुचतो. इथे एका विधवेला त्याचं उत्तर परक्यांकडून ऐकावं लागलं होतं. आपल्या घरच्यांना ते आपल्याकडूनच, आणि वेळेत कळलेलं बरं.