चित्र काढणें आणि चित्र वाचणें

हायस्कुलांत चित्रकला हा विषय शिकविला जातो, हें सर्वांस विदितच आहे. मूल आठवी-नववींत आलें म्हणजे एलिमेंटरीची तयारी सुरू होते; टेबलावर तांब्या, कांदा आणि घडी केलेलें फडकें मांडून छायाप्रकाशासह त्यांचें हुबेहूब चित्र काढण्याचा सराव चालतो. परंतु हाच विद्यार्थी रविवारीं देवळांत गेला असतां, संत पीटरच्या हातांत किल्ल्या कां, संत लॉरेन्सच्या शेजारीं लोखंडी जाळी कां, आणि वेदीवर कोरलेल्या कोंकरानें निशाण कां धरलें आहे, असें त्यास विचारलें तर तो बहुधा गप्प राहतो. ज्याच्या हातास काढतां येतें त्याच्या डोळ्यांस वाचतां येत नाहीं, हा विरोध कसा उत्पन्न झाला, याचा थोडासा इतिहास येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रारंभींच्या ख्रिस्ती लोकांत ही फारकत नव्हती. रोम शहराबाहेरील भुयारी दफनस्थानांच्या भिंतींवर तिसऱ्या-चौथ्या शतकांत जीं चित्रें काढलीं गेलीं, तीं कारागिरीच्या दृष्टीनें साधींच आहेत. थोड्याशा रेषांचा मासा, गलबताचा नांगर, खांद्यावर मेंढरूं घेतलेला तरुण मेंढपाळ, हात पसरून प्रार्थना करणारी स्त्री, एवढाच त्यांचा संसार. पण प्रत्येक आकृति बोलकी होती. ग्रीक भाषेंत माशाला 'इख्थुस' म्हणतात. या शब्दाचीं पांच अक्षरें म्हणजे 'येशू', 'ख्रिस्त', 'देवाचा', 'पुत्र', 'तारणारा' या पांच ग्रीक शब्दांचीं आद्याक्षरें होत. नांगर म्हणजे आशा. आणि त्याच्या आडव्या दांड्यांत जाणत्याला क्रूसही दिसे. पुढें सुमारें इ. स. ६०० मध्यें मार्सेय येथील बिशप सेरेनस यांनीं मूर्तिपूजेच्या भयानें देवळांतील चित्रें फोडून टाकलीं, तेव्हां पोप ग्रेगरी यांनीं त्यांस पत्रांतून बजाविलें कीं, चित्रांची पूजा होऊं न देणें योग्यच. पण तीं फोडणें योग्य नव्हे, कारण ज्यांस अक्षरओळख नाहीं त्यांचें वाचन भिंतीवरच होत असतें. आतां अक्षरओळख बहुतेकांस झाली आणि चित्रओळख मात्र हरपली, असा उलटा प्रकार झाला आहे.

आपल्या प्रांतांत चित्रकलेचें शालेय शिक्षण आलें तें निराळ्या वाटेनें. सर जमशेटजी जिजीभाई यांनीं १८५३ सालीं एक लाख रुपये देऊं केले, आणि १८५७ मध्यें मुंबईस त्यांच्या नांवाचें कलाविद्यालय सुरू झालें. तेथील अभ्यासक्रमावर लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील पद्धतीची छाप होती. कारखान्यांतून निघणाऱ्या मालाचे आकार व नक्षी सुधारावी, त्यासाठीं कारागिराचा हात आणि नजर तयार व्हावी, हा त्या पद्धतीचा हेतु. म्हणून आधीं सरळ रेषा, मग वक्र रेषा, मग भूमितीच्या आकृति, मग पुढें ठेवलेल्या नमुन्याची नक्कल, असा तिचा क्रम. या शिस्तीचे गुण नाकारण्यांत अर्थ नाहीं. जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून १८८५ पर्यंतच्या काळांत आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या ज्या नकला करविल्या, त्या अशा कसलेल्या हातांवांचून झाल्या नसत्या. (त्यांपैकीं पुष्कळ नकला पुढें लंडनमध्यें आगींत भस्म झाल्या, हें आपलें दुर्दैव.) तीच शिस्त ग्रेड परीक्षांच्या द्वारें शाळाशाळांतून पसरली. १९६५ मध्यें स्थापन झालेलें महाराष्ट्राचें कला संचालनालय आजही एलिमेंटरी व इंटरमीजिएट या परीक्षा घेतें. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिति व अक्षरलेखन हे त्यांतील विषय. सर्वच उपयुक्त, पण चित्राचा अर्थ लावणें हा त्यांत निराळा विषय नाहीं.

या उणिवेची किंमत काय पडते, हें पाहावयाचें असल्यास आंजेलो द फोन्सेका यांचें चरित्र पाहावें. गोव्यांतील सांत इस्तेव्ह बेटावर १९०२ सालीं त्यांचा जन्म झाला. वैद्यकाचा अभ्यास सोडून ते चित्रकलेकडे वळले. मुंबईच्या कलाविद्यालयांत कांहीं काळ काढला, परंतु तेथील पाश्चात्य धाटणीनें समाधान होईना, म्हणून ते शांतिनिकेतनास गेले. अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या सहवासांत त्यांना आपली रेषा सांपडली. १९३० नंतरच्या दशकांत गोव्यास परत येऊन त्यांनीं पवित्र मरियेस साडी नेसविली, तिला आपल्या देशाचा वर्ण व चेहरा दिला; आणि गहजब झाला. देवमातेस हिंदु देवीचें रूप दिल्याचा दोष त्यांच्यावर आला. अखेर गोवा सोडून ते पुण्यास आले आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमांत राहून चित्रें काढूं लागले. हा आश्रम अँग्लिकन पंथाचा. कॅथलिक चित्रकारास आसरा मिळाला तो तेथें, ही गोष्ट आपण विसरूं नये. आपल्या लोकांपैकीं सर्वांनींच पाठ फिरविली असेंही नाहीं. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांतील इतिहासाचार्य फादर हेन्री हेरास यांनीं भारतीय पद्धतीच्या ख्रिस्ती कलेचा हिरिरीनें पुरस्कार केला, आणि चित्रकार आंतोनियु झेवियर त्रिंदाद यांची कन्या आंजेला त्रिंदाद यांनींही त्याच वाटेनें मरियेचीं सुंदर चित्रें काढलीं. फोन्सेका १९६७ मध्यें पुण्यास वारले. त्यांचा मोठा चित्रसंग्रह आज गोव्यांत पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रांत आहे. ज्या भूमीनें त्यांस दूर केलें तिच्यांतच तो परत आला आहे.

आक्षेप घेणारे दुष्ट होते असें मला मुळींच वाटत नाहीं. लहानपणापासून त्यांनीं निळ्या झग्यांतली, गोऱ्या वर्णाची मरियाच पाहिली होती. तो झगाही श्रद्धेचाच भाग, अशी त्यांची समजूत झाली असावी. पण पूर्वेकडील जुन्या चित्रांत मरियेचें वस्त्र बहुधा गडद तांबूस-जांभळें असे. युरोपांत निळा रंग रूढ झाला, त्याचें एक कारण असें कीं, उत्तम निळा रंग लाजवर्द दगड कुटून करीत, आणि तो दगड अफगाणिस्तानांतील बदख्शानच्या खाणींतून इतक्या दूर नेला जाई कीं त्याला सोन्याचें मोल येई. जें सर्वांत मोलाचें तें तिला वाहावें, हा त्यांतील भाव. निळा रंग हें त्या भावाचें केवळ वाहन होय. खूण आणि खुणेचा अर्थ यांतील हा भेद पंधरा वर्षांच्या मुलास सहज समजतो, मात्र कोणीं तरी तो सांगावा लागतो. वसई-साष्टींतील आमच्या आज्या लुगडें नेसूनच मिस्सेला जात. त्यांच्या भक्तींत त्यामुळें कांहीं उणें पडलें नाहीं. शब्दांना तर ही मुभा तीनशें वर्षें आधींच मिळाली होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें, तें मराठी ओवींत. आणि त्यांत स्वर्गाला वैकुंठ म्हटलें आहे. कानांनीं जें इतक्या पूर्वीं मान्य केलें, तें डोळ्यांनीं मान्य करण्यास विसावें शतक उजाडूनही कष्ट पडले.

मग हायस्कुलांत हें शिकवावें कसें? मोठमोठ्या व्याख्या फळ्यावर लिहून देण्यानें कांहीं साधणार नाहीं. एकच वस्तु घ्यावी आणि ती आधीं काढावी, मग वाचावी. माझ्या मतें यास गोव्यांत सतराव्या शतकांत घडलेल्या हस्तिदंती 'उत्तम मेंढपाळा'सारखी दुसरी वस्तु नाहीं. अशीं शिल्पें लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत आहेत. म्हणजे ज्या साउथ केन्सिंग्टनहून आपल्याकडे नकलेची शिस्त आली, तेथेंच आपल्या कारागिरांची ही कल्पकता जाऊन बसली आहे! त्यांचीं छायाचित्रें मिळूं शकतात. वर्गांत एक लावावें. डोंगरासारख्या उंच चढत्या बैठकीवर बाळ येशू मेंढपाळाच्या वेषांत बसला आहे. डोळे मिटलेले, गाल उजव्या हातावर टेकलेला, एक कोंकरूं खांद्यावर, एक मांडीवर. त्याच्या खालीं झरा, आणि त्याचें पाणी पिणारे पक्षी व मेंढरें. सर्वांत खालीं गुहा, तिच्यांत पहुडलेली मरिया माग्दालेना, आणि बाजूंस सिंह.

विद्यार्थ्यांनीं प्रथम कांहीं न विचारतां बाह्यरेषा काढावी. नजर खालून वर कशी चढत जाते, डाव्या-उजव्या बाजूंचा तोल कोठें सांभाळला आहे आणि कोठें मुद्दाम मोडला आहे, हें काढतां काढतांच कळतें; रचना, तोल, लय या शब्दांची ओळख तेव्हां करून द्यावी, आधीं नव्हे. नंतर प्रश्न विचारावे. मेंढपाळ झोंपला आहे कीं ध्यानांत आहे? कांहीं अभ्यासकांस या मुद्रेंत ध्यानस्थ बुद्धाची छाया दिसते, हेंही सांगण्यास हरकत नाहीं. मुलें त्यावर वाद घालतील, घालूं द्यावा. झऱ्याचें पाणी कशाची खूण? स्नानसंस्काराची आठवण बहुधा कोणास तरी होईलच.

आणि पश्चात्तापी माग्दालेना अगदीं तळाशीं कां? कागदावर हें शिल्प काढतांना पुष्कळ मुलें वरच्या बाळापासून आरंभ करतात, आणि खालीं गुहेला जागाच उरत नाहीं. म्हणून शिक्षकानें कागदाची उंची आधीं चार भागांत विभागावयास सांगावें, आणि चित्राचा आरंभ माग्दालेनेपासून करवून वर चढत जावें.