रान कोणाचे? उंटरश्लाइसहाइमची चारशे वर्षे

जर्मनीतल्या म्युनिकपासून उपनगरी रेल्वेने उत्तरेकडे निघाले की सुमारे अर्ध्या तासात उंटरश्लाइसहाइम येते. हे जेमतेम तीस हजार वस्तीचे शहर. उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी इथली माणसे घरात सापडत नाहीत. कोणी तळ्यात पोहते, कोणी जुन्या कालव्यांच्या काठाने सायकलवर शेजारच्या राजवाड्याच्या बागेपर्यंत जाऊन येते, तर कोणी माळरानावरच्या पायवाटा तुडवते. हे सारे पाहून या लोकांना निसर्गाने भरभरून दिले आहे असे कोणीही म्हणेल. पण इथला इतिहास तसे सांगत नाही. तळे माणसाने खणलेले आहे, कालवे राजाने काढलेले आहेत, माळ मेंढ्यांनी राखलेला आहे, आणि या सगळ्यावर सामान्य माणसाला पाय ठेवता येतो तो कायद्यामुळे. निसर्गाचा आनंद कधी राज्यकर्त्यांच्या कृपेवर अवलंबून होता. तो नागरिकांचा हक्क झाला आणि त्या हक्कामागे स्थानिक संस्थांनी पैसा उभा केला, तेव्हाच तो सर्वांचा झाला. या एका परिसराच्या इतिहासातून हेच दिसते.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते. हिमयुगात आल्प्सवरच्या हिमनद्यांच्या पाण्याने वाहून आणलेल्या गोट्यांचा आणि खडीचा जाड थर म्युनिकच्या परिसरात पसरला. या थरातून भूजल उत्तरेकडे सरकते, आणि थर पातळ होतो तिथे ते जमिनीवर येते. त्यामुळे पश्चिमेला डाखाउची विस्तीर्ण दलदल तयार झाली, तर पाणी खोल असलेल्या पूर्वेकडच्या भागात कोरडा, नापीक माळ राहिला. यातली कोणतीच जमीन चांगल्या शेतीची नव्हती. माळावर मेंढपाळ कळप आणत. शतकानुशतकांच्या चराईने तिथे झाडोरा वाढू शकला नाही, आणि उघड्या, उन्हात तापणाऱ्या जमिनीवर फुलझाडांच्या दुर्मीळ जाती टिकून राहिल्या. म्हणजे आज आपण ज्याला निसर्गसंपदा म्हणतो, त्यातली बरीचशी मुळातच माणसाच्या पोटापाण्याच्या धडपडीतून घडलेली आहे.

या रानात केवळ रमण्यासाठी येणारे पहिले लोक राजघराण्यातले होते. 1597 मध्ये बव्हेरियाचा ड्यूक पाचवा विल्हेल्म याने एकांतवासासाठी शेजारच्या श्लाइसहाइमची जागा घेतली. त्याच्या मुलाने तिथे राजवाडा बांधला. पुढे बव्हेरियाचा शासक माक्स एमानुएल याने ऑस्ट्रियाच्या राजकन्येशी झालेल्या विवाहाच्या निमित्ताने लुस्टहाइम हा छोटा महाल उभारला, आणि 1701 मध्ये एनरिको झुक्काली या स्थपतीच्या हाताखाली भव्य नव्या राजवाड्याचे काम सुरू केले. इसार आणि वुर्म या नद्यांचे पाणी कालव्यांनी आणले गेले. या कालव्यांतून बांधकामाचे साहित्य वाहून आणता येई, आणि बागेतले जलाशय व कारंजी त्याच पाण्यावर चालत. पण ही करमणूक दरबारापुरती होती. शिकार हा राजाचा आणि सरदारांचा अधिकार होता. हरणांनी पीक खाल्ले तरी शेतकऱ्याला ती मारण्याची मुभा नव्हती. हा अधिकार मोडायला 1848 ची क्रांती यावी लागली. त्याआधी 1789 मध्ये बव्हेरियाचा तेव्हाचा शासक कार्ल थिओडोर याने म्युनिकमध्ये ‘इंग्लिश गार्डन’ ही लोकांसाठीची बाग करण्याची आज्ञा दिली होती. ती खरोखर मोठी गोष्ट होती. मात्र ती राजाची देणगी होती, आणि देणगी देणारा ती परतही घेऊ शकतो.

एकोणिसाव्या शतकात रानाकडे पाहण्याची दृष्टी उपयोगाची झाली. 1802 च्या सुमारास दलदलीत चर खणून कार्ल्सफेल्ड, लुडविग्सफेल्ड अशा वसाहती बसवण्यात आल्या. दलदलीतला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर कापून, वाळवून, जळण म्हणून विकला जाऊ लागला. 1858 मध्ये म्युनिक ते लांड्सहूट लोहमार्ग याच भागातून गेला. शतकाच्या अखेरीस डाखाउमध्ये चित्रकारांची वसाहत जमली. दलदलीतला ओलसर प्रकाश रंगवण्यासाठी ते येत, पण तोवर ती दलदल आटत चालली होती. याच डाखाउत 1933 मध्ये नाझींनी छळछावणी उघडली आणि तिथल्या कैद्यांना दलदलीत राबवून औषधी वनस्पतींचे मळे उभे केले. या परिसराच्या सौंदर्याविषयी लिहिताना ही गोष्ट वगळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. एकाच मातीत कोणी चित्र काढले आणि कोणी जीव गमावला. त्या मातीवर कोणाची सत्ता होती, यावर ते ठरले.

हक्काची गोष्ट दोन टोकांकडून सुरू झाली. एक टोक विज्ञानप्रेमींचे. 1908 मध्ये बव्हेरियन वनस्पतिशास्त्र संस्थेने जवळच्या गार्खिंगच्या माळाचा एक तुकडा नांगरापासून वाचवण्यासाठी चक्क विकत घेतला. दुसरे टोक राज्यघटनेचे. 1946 मध्ये सार्वमताने स्वीकारलेल्या बव्हेरियाच्या घटनेतील कलम 141 ने प्रत्येकाला रानात आणि डोंगरी कुरणांत फिरण्याचा, पाण्यात होडी घालण्याचा आणि रानमेवा गोळा करण्याचा अधिकार दिला. त्याच कलमाने एक कर्तव्यही सांगितले: डोंगर, तळी, नद्या यांच्याकडे जाणाऱ्या वाटा खुल्या ठेवणे, आणि गरज पडल्यास त्यासाठी मालकी हक्कावर मर्यादा घालणे, हे राज्याचे आणि गावांचे काम आहे. या घटनेचे प्रमुख शिल्पकार विल्हेल्म होएग्नर नाझी राजवटीत स्वित्झर्लंडमध्ये आश्रयाला होते. स्वित्झर्लंडच्या नागरी कायद्यात रानात जाण्याचा सर्वांचा हक्क आधीच नोंदलेला होता.

मात्र घटनेतले वाक्य तळे खणत नाही. युद्धानंतर म्युनिकला रस्ते आणि घरे बांधायला खडी हवी होती, आणि ती इथल्या जमिनीत विपुल होती. खडी काढली की खड्ड्यात भूजल भरे. उंटरश्लाइसहाइमचे पोहण्याचे तळे असेच घडले. होलर्नचे तळेही खडीच्याच खाणीतले. अशा तळ्यांचे काठ खाजगी बंगल्यांसाठी विकले गेले असते तर नवल नव्हते. ते टळावे म्हणून 1965 मध्ये म्युनिक शहर, आसपासचे जिल्हे आणि गावे यांनी एक संयुक्त संस्था काढली. सर्वांनी वर्गणी घालून विश्रांतीच्या जागा मिळवायच्या आणि राखायच्या, हे तिचे काम. 1972 च्या ऑलिंपिकसाठी शेजारच्या ओबरश्लाइसहाइममध्ये नौकाशर्यतीचा लांबलचक जलमार्ग खोदला गेला, आणि त्याच वर्षी उपनगरी रेल्वे सुरू झाली. आता शहरातली माणसे इथे राहायला आली. 2000 मध्ये गावाला शहराचा दर्जा मिळाला. 2003 पासून सुमारे दोन किलोमीटर खोलीवरच्या गरम पाण्याने इथल्या इमारतींना ऊब मिळू लागली. इथल्या थंडीत राहणे त्यामुळे सुखाचे झाले, आणि त्यामागेही गावाने मिळून केलेला उद्योगच होता.

या मांडणीवर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की खाणीत साठलेले पाणी म्हणजे निसर्ग नव्हे. पण मग मेंढ्यांनी घडवलेला माळही निसर्ग नव्हे, आणि आपल्याकडची कितीतरी कुरणेही नव्हेत. जागा कशी जन्मली यापेक्षा तिच्यात आज काय जगते आणि तिथे कोणाला जाता येते, हे प्रश्न मोलाचे आहेत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सगळ्यांना मोकळीक दिली की रान तुडवले जाते. हे खरे आहे, आणि बव्हेरियाने ते ओळखले. 1984 मध्ये घटनेतील त्याच कलमात, निसर्गाशी जपून वागणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे, अशी भर पडली. 1990 मध्ये म्युनिकच्या उत्तरेकडील माळराने राखण्यासाठी सार्वजनिक संस्थांची संघटना स्थापन झाली. राखीव माळावर वाट सोडून चालता येत नाही आणि गवत वाढू नये म्हणून मेंढ्या चारल्या जातात. हे नियम सर्वांना सारखे आहेत, म्हणून ते हक्काच्या आड येत नाहीत. राजाची शिकारबंदी फक्त प्रजेला होती. फरक तेवढाच, पण तोच महत्त्वाचा.

तिसरा आक्षेप आपल्या तोंडी पटकन येतो: हे श्रीमंत देशाचे चोचले आहेत. परंतु कलम 141 लिहिले गेले तेव्हा म्युनिक बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झाले होते, निर्वासितांचे लोंढे येत होते आणि रानातली अळंबी व बोरासारखी फळे हे भुकेल्या घरांचे अन्न होते. समृद्धी नंतर आली. हक्क आधी लिहून ठेवलेला होता, म्हणूनच समृद्धीला तळ्यांचे काठ गिळता आले नाहीत. हक्क श्रीमंतीची वाट पाहत बसला असता, तर श्रीमंती आल्यावर मोकळे काही उरले नसते.

महाराष्ट्राला यातून घेण्यासारखे आहे. आपल्याकडे गायरान होते आणि आहे. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये जगपाल सिंग खटल्यात बजावले. तरीही गायराने आक्रसत आहेत, शहरांभोवतीच्या टेकड्यांवर बांधकामाचा डोळा आहे, आणि दगड काढून झालेल्या खाणी कुंपणाविना, कोणाच्याही जबाबदारीविना पाण्याने भरून पडल्या आहेत. उंटरश्लाइसहाइमकडे आपल्यापेक्षा सुंदर निसर्ग होता असे नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्याने त्या सपाट, खडीच्या मैदानाचा हेवा करण्याचे कारणच नाही. त्यांनी केले ते एवढेच: जमीन खोदणाऱ्याचे काम झाल्यावर ती कोणाची, या प्रश्नाचे उत्तर सार्वजनिकरीत्या दिले, आणि त्यासाठी गावोगावच्या तिजोऱ्या एकत्र केल्या. खाणीचा परवाना देतानाच तिच्या काठावर पुढे कोण बसणार हे लिहून घेणे आपल्या ग्रामपंचायतींना आणि महापालिकांनाही अशक्य नाही. तो करार आज झाला नाही, तर उद्याच्या पिढीला टेकडी आणि तळे दोन्ही भिंतीपलीकडून पाहावी लागतील.