स्थैर्याचं व्रत आणि सोडलेलं घर

मागच्या व्याख्यानात आपण मठ या संस्थेचा उगम पाहिला. आज एकाच मठाचा इतिहास घेऊ, कारण त्यात एक अडचणीचा प्रश्न दडलेला आहे. मरेपर्यंत स्थिर राहू, असं व्रत घेतलेल्या माणसांनी घर सोडावं का?

आधी नियम पाहू. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात इटलीत मठवासीयांसाठी ७३ छोट्या प्रकरणांची नियमावली लिहिली. प्रार्थना, वाचन आणि अंगमेहनत यांची दिवसभराची वाटणी त्यात आहे. कोठार सांभाळणाऱ्यानं मठातलं प्रत्येक भांडं आणि अवजार वेदीवरच्या पवित्र पात्रासारखं मानावं, असं ३१वं प्रकरण सांगतं. पाणी, गिरणी, बाग शक्यतो आवारातच असावी, असं ६६वं. 'पर्यावरण' हा शब्द कुठंच नाही. पण मठात कुणाच्याच मालकीचं काही नसतं, आणि जे आपलं नाही ते जपून वापरायचं असतं, हा विचार मात्र पानोपानी आहे. ५८व्या प्रकरणात व्रतांमध्ये पहिलं नाव येतं ते स्थैर्याचं.

आता इतिहास. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये कॅथलिक मठांना बंदी होती. म्हणून १६२३ साली नऊ इंग्रज तरुणी समुद्र ओलांडून काँब्रे इथं जमल्या. हे गाव आज फ्रान्समध्ये आहे. त्यांच्यातली एक, हेलन मोर, ही सर थॉमस मोर यांच्या वंशातली. ऑगस्टीन बेकर यांनी त्यांना मौन ध्यानाची वाट दाखवली. पुढं फ्रेंच राज्यक्रांती झाली. ऑक्टोबर १७९३ मध्ये या संन्यासिनींना अटक करून काँपियेनच्या तुरुंगात नेण्यात आलं. तिथं त्यांच्यातल्या चौघी दगावल्या.

त्याच इमारतीत कार्मेलाइट संन्यासिनीही कैदेत होत्या. त्या १६ जणींचा १७ जुलै १७९४ रोजी पॅरिसमध्ये शिरच्छेद झाला. त्यांचे साधे कपडे मागं राहिले होते. ते पुढं काँब्रेच्या बायकांना मिळाले आणि १७९५ साली तेच अंगावर घालून त्या इंग्लंडला परतल्या. हातात काही नाही, अंगावरचंही दुसऱ्यांचं! काही वर्षं फिरस्तीत काढून १८३८ साली त्या वूस्टरशायरमधल्या स्टॅनब्रुक इथं स्थिरावल्या. पुढं तिथं मोठं चर्च आणि भव्य मठ उभा राहिला.

आपल्याकडं म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावेत. इथं उलट झालं. अंथरूण अफाट आणि पाय मोजके उरले. विसाव्या शतकात नव्या येणाऱ्या कमी झाल्या, असलेल्या म्हाताऱ्या झाल्या. तरी त्या प्रचंड वास्तूची डागडुजी आणि ऊब यांवर पैसा आणि इंधन जातच होतं. शेवटी २००९ साली त्यांनी ती वास्तू सोडली आणि यॉर्कशायरच्या उत्तर भागातल्या वॉस या खेड्याजवळ नवा मठ बांधला. पाणी तापवायला सौर पट्ट्या, बॉयलरला लाकडाचे तुकडे, साठवलेलं पावसाचं पाणी, छपरावर वनस्पती आणि सांडपाणी शुद्ध करायला पाणवनस्पतींची तळी. पैसा लागेल तसं बांधकाम टप्प्याटप्प्यानं झालं. चर्च पूर्ण व्हायला २०१५ साल उजाडलं.

इथं शंका घ्यायलाच हवी. नवी इमारत म्हणजे नवं सिमेंट, नवं लोखंड. जुनं वापरत राहणं हीच खरी काटकसर नव्हे का? शंका बिनबुडाची नाही. पण मूठभर माणसांसाठी राजवाडा तापवत राहणं याला जपणूक म्हणता येत नाही. आणि दीडशेहून अधिक वर्षं ज्या आवारात आपल्या वडीलधाऱ्या संन्यासिनी पुरल्या, तिथून म्हातारपणी उठणं किती जड गेलं असेल, याचा हिशोब कुठल्याच विजेच्या बिलात येत नाही.

मग व्रत मोडलं का? आम्हाला तसं वाटत नाही. स्थैर्य भिंतींशी नव्हतं, सोबतच्या माणसांशी आणि रोजच्या प्रार्थनेशी होतं. काँपियेनच्या कोठडीत भिंती शत्रूच्या होत्या, तरी समुदाय टिकला. 'शाश्वत' हा शब्द आज दुकानातल्या पिशवीवरही छापतात. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही तो जे कधी बदलत नाही त्यासाठी वापरत होतो. या बायकांनी दोन्ही अर्थ जवळ आणले: काय बदलू द्यायचं नाही हे नक्की ठरलं, म्हणून बाकीचं सोडता आलं.

आपल्या घरातही मुलं दूर गेल्यावर चार बंद खोल्या आपण झाडत बसतो. आपण नेमकं काय जपतो आहोत, हे एकदा स्वतःला विचारून पाहू. आज इथंच थांबू.