संदर्भनिर्देश, वैद्यकीय नियतकालिकांतील
वैद्यकीय निबंधातील विधानाला ज्या पूर्वप्रकाशित लेखनाचा आधार असतो, त्या मूळ लेखनापर्यंत वाचकाला पोहोचता येईल अशा रीतीने केलेला त्याचा उल्लेख म्हणजे संदर्भनिर्देश. त्याची दोन अंगे असतात : मजकुरात विधानालगत दिलेली खूण आणि निबंधाच्या अखेरीस जोडलेली संदर्भसूची. विरामचिन्हे, संक्षेप व अंक यांविषयीचे हे नियम वरवर क्षुल्लक वाटतात. तथापि रुग्णाला द्यावयाच्या औषधासंबंधीचे विधान पडताळून पाहता येते की नाही, हे पुष्कळदा त्यांवरच अवलंबून असते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत याबाबत एकवाक्यता नव्हती. लेखकाचे आडनाव, नियतकालिकाचे मनाला येईल तसे तोडलेले नाव आणि क्वचित वर्ष, एवढ्यावर बहुधा भागविले जाई. नियतकालिकांची संख्या वाढली, तसे हे अपुरे पडू लागले. अमेरिकेच्या लष्करातील शल्यचिकित्सक जॉन शॉ बिलिंग्ज (१८३८–१९१३) यांनी रॉबर्ट फ्लेचर यांच्या साहाय्याने १८७९ मध्ये ‘इंडेक्स मेडिकस’ ही जगातील वैद्यकीय लेखांची मासिक सूची सुरू केली. पुढील वर्षी त्यांच्या ग्रंथालयाच्या बृहत्सूचीचा पहिला खंड निघाला. या ग्रंथालयाचेच पुढे राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय झाले. ‘इंडेक्स मेडिकस’मध्ये नियतकालिकांच्या नावांचे जे संक्षेप योजले जात, तेच कालांतराने वैद्यक लेखकांना प्रमाण ठरले. मुद्रित स्वरूपातील ही सूची २००४ मध्ये बंद झाली, पण तिचे संक्षेप टिकून आहेत. दरम्यान हार्व्हर्ड विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ मध्ये गोगलगाईच्या एका जातीवरील निबंधात लेखकाचे नाव व वर्ष कंसात देण्याची रीत वापरली. ‘हार्व्हर्ड पद्धती’ या नावाने ती अन्य शास्त्रांत रूढ झाली. वैद्यकात मात्र क्रमांक देण्याच्या रीतीला अधिक पसंती मिळाली, कारण एकाच विधानाला पाचसहा आधार असले, तरी तीत वाक्य तुटत नाही.

विसाव्या शतकात प्रत्येक नियतकालिकाने आपापले नियम केल्यामुळे निराळीच अडचण उद्भवली. एका संपादकाने नाकारलेला निबंध दुसऱ्याकडे धाडावयाचा, तर त्याची संपूर्ण संदर्भसूची नव्याने टंकलिखित करावी लागे. हा व्याप वाचावा म्हणून काही सर्वसाधारण वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक जानेवारी १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे अनौपचारिकपणे एकत्र आले. ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’चे एडवर्ड ह्यूथ हे या प्रयत्नातील अग्रणी होत. राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने सिद्ध केलेल्या संदर्भरचनेसह या गटाच्या समान अटी १९७९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. गटाचे रूपांतर पुढे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीत झाले आणि शेकडो नियतकालिकांनी तिचे नियम स्वीकारले. मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून व राजे एडवर्ड स्मारक रुग्णालयातून १९५५ पासून निघणारे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ हेही त्यांपैकीच होय.

व्हँकूव्हर पद्धतीत संदर्भाला मजकुरातील प्रथम उल्लेखाच्या क्रमाने अंक मिळतो व तोच शेवटपर्यंत राहतो. सूचीत आडनाव, आद्याक्षरे, लेखाचे शीर्षक, नियतकालिकाचे संक्षिप्त नाव, वर्ष, खंड व पृष्ठे या क्रमाने तपशील येतो. ‘१९३८;३०:२३९–४१’ याचा अर्थ १९३८ मधील तिसाव्या खंडाची २३९ ते २४१ ही पृष्ठे असा होतो. सहाहून अधिक लेखक असल्यास पहिली सहा नावे देऊन ‘व इतर’ अशा अर्थाचा लॅटिन संक्षेप जोडण्याची रूढी आहे. आडनाव आधी लिहिण्याचा नियम पाश्चात्त्य नामपद्धती गृहीत धरून झालेला आहे. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव या मराठी रीतीला तो सहज जुळतो. परंतु दक्षिण भारतात जेथे आडनावाऐवजी वडिलांच्या वा गावाच्या नावाचे आद्याक्षर लावतात, तेथे एकाच संशोधकाचे लेखन सूचीत दोन नावांखाली विखुरण्याचा संभव असतो.

रचनेतील चूक किती दूर जाऊ शकते, याचे नामांकित उदाहरण ‘डॉ. ओ. उप्लाविसी’ यांचे आहे. प्राग येथील विकृतिवैज्ञानिक यारोस्लाव्ह ह्लावा यांनी १८८७ मध्ये अमीबी आमांशावर चेक भाषेत निबंध लिहिला. रुग्णांतील अमीबा मांजरांत संक्रमित करण्याचे त्यांचे प्रयोग महत्त्वाचे होते. निबंधाचे शीर्षक ‘ओ ऊप्लाव्हित्सि’, म्हणजे ‘आमांशाविषयी’, असे होते. अलेक्झांड्रियातील वैद्य कार्टुलिस यांनी जर्मन नियतकालिकात त्याचा सारांश देताना शीर्षकालाच लेखकाचे नाव मानले. पुढील लेखकांनी मूळ निबंध न पाहता सारांशावरून संदर्भ उतरविले. अशा रीतीने अस्तित्वात नसलेला हा संशोधक सुमारे पन्नास वर्षे ग्रंथांतरी वावरत राहिला आणि ह्लावा यांचे श्रेय त्याच्या नावे जमा होत गेले. इंग्रज परजीवीवैज्ञानिक क्लिफर्ड डोबेल यांनी ‘पॅरासिटॉलॉजी’मध्ये १९३८ साली या प्रकाराचा उलगडा केला. लेखाच्या शीर्षकात त्यांनी उप्लाविसी यांचे जन्ममृत्यूचे सन (१८८७–१९३८) दिले होते !

समान नियमांनी असे घोटाळे आटोक्यात आले, हे खरे. तरी सुबक संदर्भ हा सत्य संदर्भ असतोच असे नाही. जानेवारी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा वैद्यकीय नियतकालिकांची तपासणी १९८५ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. तीत २४ टक्के संदर्भांच्या तपशिलात चुका आढळल्या, तर १५ टक्के संदर्भांत मूळ लेखकाचे म्हणणे विपर्यस्त स्वरूपात मांडलेले होते. यांपैकी दुसरा दोष अधिक घातक होय. तो सूची पाहून उमगत नाही, त्यासाठी मूळ लेख उघडावा लागतो.

त्याचे परिणाम एका पाच वाक्यांच्या पत्राने दाखवून दिले. रुग्णालयात अफूवर्गीय वेदनाशामके दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, व्यसनाचा पूर्वेतिहास नसलेल्या अवघ्या चौघांत व्यसनाधीनतेची नोंद झाली, असे हे पत्र ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १९८० साली छापले गेले. कॅनडातील संशोधकांनी २०१७ मध्ये त्याचे ६०८ उल्लेख तपासले. सुमारे ७२ टक्के लेखकांनी व्यसन क्वचितच लागते याचा पुरावा म्हणून पत्र पुढे केले होते आणि सुमारे ८१ टक्क्यांनी ते रुग्णालयात दाखल झालेल्यांपुरतेच असल्याचे नमूद केले नव्हते. दीर्घकालीन वेदनेसाठी घरी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांविषयी त्या पत्रात काहीच नव्हते. उत्तर अमेरिकेतील वेदनाशामकांच्या घातक साथीला या उल्लेखांचा हातभार लागला, असे या संशोधकांचे मत आहे. नियतकालिकाने त्या जुन्या पत्राला संपादकीय टीप जोडली.

डीओआय ही कायमची ओळखसंख्या आणि संदर्भरचना आपोआप करणारे संगणकीय संच यांमुळे स्वल्पविरामांची चिंता आता बरीचशी सरली आहे. मागे घेतलेल्या निबंधांचे संदर्भ अनवधानाने दिले जाऊ नयेत, यासाठी ते आधी पडताळावेत, असे संपादक समिती सांगते. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कधी कधी व्हँकूव्हर पद्धतीत चोख बसणारे, पण अस्तित्वातच नसलेले निबंध रचून देतात. समितीच्या शिफारशींत २०२३ पासून या साधनांसंबंधी नियम आले असून त्यांनी दिलेल्या मजकुराची व त्यातील आधारांची जबाबदारी सर्वस्वी लेखकावर टाकलेली आहे. [⟶ ग्रंथसूची].