संध्याकाळच्या गाडीनं परतणारे



२००६ सालची एक बातमी आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. लक्ष्मी मित्तल यांनी आर्सेलर ही युरोपातली बलाढ्य पोलाद कंपनी ताब्यात घेतली. राजस्थानातल्या सादुलपूरला जन्मलेल्या माणसानं युरोपचं पोलाद विकत घेतलं, याचा आपल्याकडे केवढा आनंद झाला होता! त्या बातम्यांत एका देशाचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं. लक्झेंबर्ग. आर्सेलरचं मुख्यालय तिथं होतं, तिथलं सरकार कंपनीत भागधारक होतं आणि तिथले तेव्हाचे पंतप्रधान जाँ-क्लोद युंकर सुरुवातीला या व्यवहाराला विरोध करत होते. हे युंकर स्वतः एका पोलाद कामगाराचे चिरंजीव, हे मला नंतर कळलं. मी नकाशा काढला आणि तो देश शोधला. फ्रान्स, जर्मनी आणि बेल्जियम यांच्या बेचक्यात अडकलेला, करंगळीच्या टोकाखाली झाकला जाईल एवढा. क्षेत्रफळ २५८६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याहूनही लहान. लोकसंख्या आज पावणेसात लाखांच्या आसपास.

तेव्हापासून या देशाबद्दल मिळेल ते वाचत आलो. तिथल्या राजघराण्याबद्दल किंवा बँकांबद्दल मला फारसं कुतूहल नाही. मला कुतूहल आहे ते तिथं काम कोण करतं याचं. कारण या देशातल्या पगारी नोकऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या नोकऱ्या अशी माणसं करतात, जी त्या देशात राहतच नाहीत. सकाळी सीमा ओलांडून येतात, संध्याकाळी सीमा ओलांडून घरी जातात. त्यांची संख्या सव्वादोन लाखांच्या वर आहे. त्यांतले निम्म्याहून अधिक फ्रान्समधून येतात. उरलेले जर्मनी आणि बेल्जियममधून. राहिलेल्या निम्म्या नोकऱ्यांतही पोर्तुगीज आणि इतर परदेशी रहिवाशांचा वाटा मोठा. लक्झेंबर्गचं नागरिकत्व असलेला कामगार तिथं साधारण चारांत एक भरतो.

असं का झालं, हे समजून घ्यायला थोडं मागं जावं लागेल.

एकोणिसाव्या शतकात लक्झेंबर्ग हा गरीब शेतकऱ्यांचा देश होता. जमीन निकस, वाटण्या होऊन तुकडे पडलेले, कारखाने नाहीत. देशाची लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास असताना १८४१ ते १८९१ या पन्नास वर्षांत सत्तर हजारांच्या आसपास माणसं पोटासाठी देश सोडून गेली. कुणी पॅरिसला मोलमजुरीला गेलं, कुणी समुद्र ओलांडून अमेरिकेला. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डब्यूक या गावी १८७१ साली या मंडळींनी स्वतःचं वर्तमानपत्रही काढलं आणि ते १९१८ पर्यंत चाललं. आज सगळ्यांना पोटाला लावणारा हा देश एकेकाळी आपल्याच माणसांना पोसू शकत नव्हता, ही गोष्ट आधी लक्षात ठेवूया.

१८५९ साली या देशात आगगाडी आली. त्या निमित्तानं मिशेल लेंट्झ नावाच्या कवीनं एक गाणं लिहिलं. ‘फायरव्हॉन’, म्हणजे अग्निरथ. कवी म्हणून मला या गाण्याचं विशेष वाटतं. फ्रान्स, बेल्जियम आणि प्रशिया या तिन्ही शेजाऱ्यांना कवी त्यात आपला देश पाहायला बोलावतो. पुढं याच गाण्याच्या एका ओळीवरून देशाचं ब्रीदवाक्य झालं आणि त्याचा भाव असा, की आम्ही जसे आहोत तसेच आम्हाला राहायचं आहे. पाहुण्यांना निमंत्रण द्यायचं आणि आपलं घर आपल्यासारखंच ठेवायचं. या देशाच्या पुढच्या दीडशे वर्षांच्या कामगार-इतिहासाचं सार मला या एका गाण्यात दिसतं.

देशाच्या दक्षिणेला, एश या गावाभोवती जमीन लालभडक आहे. त्या मातीत लोखंड होतं, पण त्या खनिजात फॉस्फरस फार. त्याचं पोलाद ठिसूळ निघायचं. ही अडचण सोडवली लंडनच्या न्यायालयात कारकुनी करणाऱ्या सिडनी गिलख्रिस्ट थॉमस या तरुणानं. कारकुनी सांभाळून तो रसायनशास्त्र शिकला आणि आपल्या चुलतभावाच्या मदतीनं फॉस्फरस वेगळा काढण्याची रीत त्यानं शोधली. १८७९ साली लक्झेंबर्गच्या कारखानदारांनी त्या रीतीचा परवाना मिळवला. १८८६ साली द्युदलांज इथं या पद्धतीचा पोलाद कारखाना सुरू झाला. सरकारनंही शहाणपण दाखवलं. खाणी देताना अट घातली, की खनिज देशातच वितळवायचं, कच्चा माल बाहेर न्यायचा नाही. भट्टीतून निघणारी फॉस्फरसयुक्त मळी दळून खत म्हणून शेतात गेली आणि उत्तरेकडची निकस जमीनही पिकू लागली. १९११ साली तीन कंपन्या एकत्र येऊन ‘आरबेद’ ही मोठी पोलाद कंपनी उभी राहिली.

पण भट्टीपुढं उभं राहायला, खाणीत उतरायला माणसं पुरेनात. मग इटालियन आले. एकटे, बायकामुलं मागं ठेवून, कधी हंगामापुरते. पहिल्या महायुद्धाच्या आधी खाणी आणि भट्ट्यांवरचे निम्म्याहून अधिक कामगार परदेशी होते. द्युदलांजला कारखाना आणि खाण यांच्यामध्ये त्यांची वस्ती वसली. तिला आजही ‘इटालिया’च म्हणतात. मात्र १९१४ साली युद्ध सुरू झालं, तेव्हा हे मजूर गेले. १९३० नंतरच्या मंदीतही आधी त्यांनाच घरी धाडण्यात आलं. देशातली बेकारी त्यामुळे कागदावर थोडकीच दिसली. ती बेकारी संपली नव्हती. ती इटलीच्या खेड्यांत जाऊन बसली होती.

याच कामगारांचा एक दिवस या देशाच्या इतिहासात कायमचा कोरला गेला आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीनं लक्झेंबर्ग गिळला आणि तिथल्या तरुणांना सक्तीनं जर्मन सैन्यात भरती करायचं फर्मान काढलं. त्याविरुद्ध ३१ ऑगस्ट १९४२ रोजी संप सुरू झाला आणि देशभर पसरला. पोलाद कारखान्यात भोंगा वाजवून संपाचा इशारा देणाऱ्या कामगाराचं नाव होतं हान्स आडाम. तो जन्मानं जर्मन होता. संपाबद्दल २१ जणांना मृत्युदंड दिला गेला, त्यांत तोही होता. ज्या देशासाठी त्यानं जीव दिला, त्या देशात त्याचा जन्म झालेला नव्हता.

युद्धानंतर पोलादाला पुन्हा बरकत आली. इटालियन येईनासे झाले, तेव्हा १९७० साली पोर्तुगालशी करार झाला. पोर्तुगीज कामगार बांधकामावर आले आणि या वेळी बायकामुलांसह आले. आज देशाच्या लोकसंख्येत साधारण सातांत एक माणूस पोर्तुगीज नागरिक आहे.

मग आला १९७५ सालचा तडाखा. १९७४ साली या देशानं साठ लाख टनांहून अधिक पोलाद काढलं होतं. सुमारे पंचवीस हजार माणसं त्यावर जगत होती. पुढच्याच वर्षी उत्पादन पाव हिस्स्याहून जास्त घसरलं. अशा वेळी जगभर काय होतं, हे गिरणी संपानंतरची मुंबई पाहिलेल्यांना सांगायला नको. लक्झेंबर्गनं मात्र वेगळा रस्ता धरला. १९७७ साली सरकार, मालक आणि कामगार संघटना अशा तिघांना एका टेबलाशी बसवणारी समिती कायद्यानं स्थापन झाली. आरबेदमध्ये जास्तीच्या कामगारांसाठी एक खास विभाग उघडला. त्यांना काढून न टाकता पगारावर ठेवलं आणि दुरुस्तीच्या, सार्वजनिक बांधकामाच्या कामांना लावलं. वयस्कांना मुदतपूर्व निवृत्ती दिली. त्यासाठी बाकीच्यांनी जादा कर भरला. पुढच्या दोन दशकांत पोलाद कामगारांची संख्या निम्म्याहून खाली आली. पण एकाच दिवशी हजारोंच्या हाती घरी बसण्याची चिठ्ठी दिली गेली नाही. १९८१ साली शेवटची लोहखाण बंद झाली, १९९७ साली बेलवालची शेवटची झोतभट्टी विझली. आता त्या विझलेल्या भट्ट्यांच्या शेजारी विद्यापीठ आहे.

पोलादाची जागा घेतली पैशाच्या व्यवहारांनी. बँका, गुंतवणूक फंड, विमा. त्यांच्या मागोमाग हिशेबनीस, वकील, संगणकवाले, आणि या सर्वांच्या कचेऱ्या झाडणारे, जेवण रांधणारे, मुलं सांभाळणारे. एवढी माणसं देशात नव्हती. ती सीमेपलीकडं होती. फ्रान्सच्या लॉरेन भागातल्या खाणी आणि भट्ट्याही त्याच काळात बंद पडल्या होत्या. पण तिथल्या माणसांना सांभाळून घेणारा खास विभाग मिळाला नव्हता. १९८०च्या सुमारास रोज सीमा ओलांडणारे दहा-पंधरा हजार होते. २००० साली ते नव्वद हजारांच्या घरात गेले. आज सव्वादोन लाखांच्या वर आहेत.

पगार चांगला आहे, हे मान्य केलंच पाहिजे. किमान वेतन युरोपीय संघात सर्वांत जास्त. महागाई ठरावीक प्रमाणात वाढली, की कायद्यानं सगळ्यांचे पगार आपोआप वाढतात. पण घरांच्या किमती अशा, की पगार लक्झेंबर्गचा आणि घर तियोंव्हील, आर्लों किंवा ट्रिअरकडचं, हाच हिशेब परवडतो. आता तर लक्झेंबर्गचे नागरिकसुद्धा स्वस्त घरासाठी सीमेपलीकडं राहायला जातात आणि कामाला आपल्याच देशात येतात. १ मार्च २०२० पासून देशातली सार्वजनिक वाहतूक मोफत झाली. आगगाडी फुकट, पण सीमेपर्यंतच. पलीकडच्या प्रवासाचं तिकीट काढावं लागतं.

ही सीमा तिकिटापुरती नाही. सीमेपलीकडच्या माणसाची नोकरी गेली, तर युरोपातल्या नियमानुसार कित्येक दशकं त्याच्या बेकारभत्त्याचा भार मुख्यतः तो राहतो त्या देशावर पडत आला. २०१० साली लक्झेंबर्गनं विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक मदतीसाठी देशात राहण्याची अट घातली. कर इथं भरणाऱ्या आईबापांची मुलं त्यातून वगळली गेली. पालक न्यायालयात गेले आणि २०१३ साली युरोपीय न्यायालयानं निकाल दिला, की ही सरसकट अट नियमांत बसत नाही. हे न्यायालय लक्झेंबर्ग शहरातच आहे!

मताचंही तसंच. कामगारांचं एक अधिकृत मंडळ तिथं आहे. त्याच्या निवडणुकीत परदेशी आणि सीमेपलीकडचे कामगारही मत देतात. हा हक्कही न्यायालयात भांडूनच मिळाला. संसदेसाठी मात्र नाही. दीर्घकाळ देशात राहिलेल्या परदेशी रहिवाशांना तरी संसदेसाठी मताधिकार द्यावा का, असं ७ जून २०१५ रोजी जनतेला विचारलं गेलं. सुमारे ७८ टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटलं.

मी त्या ७८ टक्क्यांना चटकन दोष देणार नाही. त्यांच्या मनातली भीती मला कळते. फ्रेंच, जर्मन आणि लक्झेंबर्गी या तीन भाषा तिथं चालतात. १९८४च्या कायद्यानं लक्झेंबर्गीला राष्ट्रभाषा म्हटलं, पण दुकानात पाव मागायचा तर बहुधा फ्रेंचमध्येच मागावा लागतो. आपल्याच राजधानीत आपली भाषा कानावर पडेनाशी झाली, तर माणूस बिथरतो. म्हणून सरकारी नोकरीच्या दाराशी तिन्ही भाषांची अट उभी असते, आणि त्या नोकऱ्या बहुतांशी नागरिकांकडं राहतात. दुसऱ्या बाजूला पोर्तुगीज कामगाराचं मूल शाळेत अक्षरं गिरवत आलं ती जर्मनमधून, जी त्याच्या घरी कुणीच बोलत नाही. मग ते मागं पडतं आणि बापाच्याच कामाला लागतं. भाषा ही कुणासाठी दार असते, कुणासाठी भिंत.

मी मराठीत कविता लिहितो. माझं नाव ऐकून आजही कुणीतरी विचारतं, ‘तुम्ही मराठीत लिहिता? घरी उर्दू असेल ना?’ विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण त्या प्रश्नात भाषेची मालकी आधीच ठरलेली असते. भाषा वापरणाऱ्याची होते, हे आयुष्यभर मराठीत श्वास घेतल्यावर मला वेगळं सिद्ध करावंसं वाटत नाही. म्हणून त्याच देशात २०१७ साली झालेला दुसरा बदल मला मोलाचा वाटतो. नागरिकत्वासाठी राहण्याची मुदत पाच वर्षांवर आणली आणि लक्झेंबर्गी भाषेची परीक्षा ठेवली. जन्म कुठं झाला हे विचारू नका, आमच्याशी आमच्या भाषेत बोला, असं जणू त्या देशानं म्हटलं. दार पूर्ण उघडलं नाही, पण कडी काढली.

सीमेपलीकडं राहणाऱ्यांसाठी मात्र तेही दार नाही. २०२० साली साथीच्या काळात सीमांवर पहारे बसले, तेव्हा लक्झेंबर्गला पहिली काळजी पडली ती इस्पितळांची. कारण तिथल्या परिचारिका आणि सेवक मोठ्या संख्येनं पलीकडून येणारे. ते आले, म्हणून इस्पितळं चालली. ते रोजच येत होते. फक्त त्या वेळी ते सर्वांना दिसले.

कुठल्याही श्रीमंत गावाला, श्रीमंत देशाला एक प्रश्न विचारता येतो. तुमच्याकडं काम करणारा माणूस संध्याकाळी कुठं जातो? आणि तो आजारी पडला, बेकार झाला, म्हातारा झाला, तर तो कुणाचा? लक्झेंबर्गनं आपल्या पोलाद कामगारांबाबत या प्रश्नाचं चांगलं उत्तर दिलं होतं. ते कारखान्याच्या आतले होते, म्हणून ते सोपं गेलं. संध्याकाळच्या गाडीनं परतणाऱ्यांबाबत तेच उत्तर देणं त्याला अजून जमायचं आहे. लेंट्झच्या गाण्यातलं निमंत्रण शेजाऱ्यांनी स्वीकारलं. ते आले, रोज येतात. आता प्रश्न यजमानाचा आहे.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)