वाऱ्याच्या ओढीने हिमपठारावर

नॉर्वेतील ऑस्लो-बर्गन रेल्वेमार्गावर गेइलो हे स्कीइंगसाठी प्रसिद्ध असलेले गाव लागते. तेथून बर्गनच्या दिशेने थोड्याच अंतरावर हाउगास्टोल हे छोटेसे स्थानक आहे. गेइलोला उतरणारा पर्यटक पास घेतो, लिफ्टने माथ्यावर जातो आणि यंत्राने सारख्या केलेल्या, खुणांनी आखलेल्या उतारावरून घसरत खाली येतो. मग पुन्हा लिफ्टची रांग! हाउगास्टोलला उतरणाऱ्या अनेकांच्या पाठीवर मात्र पतंगाची पिशवी असते. येथून हार्डांगरविड्डा हे सुमारे साडेसहा हजार चौरस किलोमीटरचे वृक्षहीन पठार पसरले आहे. उतारावर घसरणाऱ्याला सपाटीचा उपयोग नाही. 'स्नोकायटिंग'ला नेमकी तीच हवी असते.

हा पतंग आपल्या संक्रांतीच्या पतंगासारखा कागदी नव्हे. तो कापडी असून त्याचे क्षेत्रफळ साधारणतः ५ ते १२ चौरस मीटर असते. सुमारे २० मीटर लांबीच्या दोऱ्या कमरपट्ट्याला व हातातील दांडीला जोडलेल्या असतात. स्कीची कड बर्फात रुतवली की वाऱ्याला आडवे जाता येते, नागमोडी वळणे घेत वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनेही सरकता येते आणि चढणही चढता येते. लिफ्टचे काम वाराच करतो, तेही विनामूल्य.

ही कल्पना तशी जुनी आहे. फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी १८८८ मध्ये ग्रीनलँड ओलांडताना घसरगाड्यांना शिडे बांधली होती. बोर्गे ऊसलंड यांनी १९९६-९७ मध्ये अंटार्क्टिका एकट्याने पार केले, तेव्हाही शिडाची मदत घेतली. २०१० साली सेबास्टियन कोपलंड व एरिक मॅकनेअर-लँड्री यांनी ग्रीनलँडवर २४ तासांत ५९५ किलोमीटर अंतर कापले. केवळ पायांच्या बळावर हे अशक्यच.

या स्वातंत्र्याची किंमतही आहे. स्की केंद्रावर धोकादायक उतार बंद केले जातात, जखमींना उचलण्यासाठी पथक असते. पठारावर यातले काहीच हाताशी नसते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पतंगाची ओढ चौपट होते. अचानक आलेला झोत माणसाला उचलून खडकावर आपटू शकतो. म्हणून पतंग क्षणार्धात निकामी करणारी कळ कमरेशी असते व ती डोळे मिटूनही सापडली पाहिजे. वारा पडला, तर आलेले अंतर स्कीवर चालत परतावे लागते. धुक्यात आकाश व जमीन एकच पांढरी दिसू लागते, तेव्हा होकायंत्र वा जीपीएसवाचून गत्यंतर नाही.

आणखी एक प्रश्न रानटी रेनडिअरांचा आहे. हिवाळ्यात जेमतेम खाद्यावर तग धरणारे हे कळप डोक्यावर फडफडणाऱ्या पतंगाने बिथरतात आणि पळापळीत साठवलेली शक्ती गमावतात. त्यामुळे तेथील राष्ट्रीय उद्यानात या खेळावर निर्बंध आहेत. निघण्यापूर्वी कोणता भाग खुला आहे, याची स्थानिक चौकशी आवश्यक ठरते.